उसना बोरू

बाबांची नजर गेली त्या साली
जन्ममृत्यूचं बुक माझ्याकडे आलं.
मी पंधराचा. मोडी बरं वळायचं.
मोडीत आधी रेघ ओढायची पानभर,
मग एकेक अक्षर तिला टांगत जायचं
दोरीला बांगडे सुकत घालावेत तसं.

निवतीचं ते पान. शके अठराशे बत्तीस, आश्विन.
रकाने सरकारी: अनुक्रम, तारीख, बापाचं नाव, जात,
वय वर्षं-महिने-दिवस, आणि रोग.
आईला रकाना नव्हता.
माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं ते.

लाडू जुवाटकराची बायको
रापण ओढता ओढता बसली वाळूवर. सातवा सरत होता.
द्वारकू सुईण धावली
आणि पदरातच घेऊन आली त्याला.
केळीच्या आतल्या सोपासारखं कातडं,
खालून निळं काहीतरी वाहताना दिसायचं.
नखं अजून यायची होती.

वेंगुर्ल्याला दवाखाना होता. चार कोस, मधे खाडी,
आणि लाडू फत्तेमारीवर, मंगळुरी कौलं भरून मुंबईकडे.
द्वारकूने भात उकडायला लावलं.
उपसून खोलीत पसरलं, वाफ धरलेलं,
त्यात टोपली रोवली, टोपलीत सावरीचा कापूस,
कापसात तो.
निवलं की दुसरी चूल.
शेजारणी आपापलं भात घेऊन आल्या, पायलीपायलीने.
त्या आठवड्यात कोणाचं भात कोणाच्या कणगीत गेलं
याचा हिशेब कोणी मागितला नाही.
शेळीचं दूध वातीने.
चोखणं त्याला जमायचं नाही.
वात जिभेवर ठेवून वाट बघायची,
थेंब उतरला तर उतरला.

तिसऱ्या दिवशी द्वारकूने त्याला विकत घेतलं,
सुपात घालून, उंबऱ्यावरून,
मूठभर कोंडा मोजून.
परक्याचं पोर मरणाला ओळखू येत नाही म्हणतात.

पाचव्या दिवशी आमच्या अंगणात आली.
उद्या सहावी. सटवाईला कोरा कागद हवा,
लिहायला बोरू हवा.
कागद मी बुकातलाच दिला, शेवटचा, फाडून.
बोरू माझा दिला. एकच होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीआधीच
बोरू परत आला.
टोक कोरडं.

ती पायरीवर बसली. नखांत वाळू,
उंडीच्या झाडाखालची, मिठाची कणी चिकटलेली.
"अकरा भरती नि दहा सुकती बघल्यान त्येना.
लिव तसांच."
मी म्हटलं, भरतीचा रकाना नाही.
"मगे बापाशीच्या जाग्यार माझां नाव लिव.
मियां इकत घेतलंय त्येका."
बाबा आतून खोकले. बोलले काही नाहीत.

मी रेघ ओढली.
तिला टांगलं: लाडू जुवाटकर. गाबीत.
दिवस पाच. रोग इतर.
शाई वाळेपर्यंत ती बघत राहिली. वाचता येत नव्हतं तिला.
"लिवलंस?"
"लिहिलं."
उठताना म्हणाली, "सुंदरेक दूध इलां आज."
कोण सुंदरा, हे कळायला
मला थोडा वेळ लागला.

माघात कचेरीतून बुक तपासून आलं.
त्या ओळीसमोर लाल शाईत बरोबरची खूण.

आता सहावीसाठी बोरू मागायला कोणी आलं
तर माझा देत नाही.
खाडीवर जातो, चिखलात गुडघाभर,
नवा कापतो, शाई न लागलेला.
त्या वर्षी सात कापले.
तीन कोरेच परत आले.